मित्राला पाठवलेला चेहरा: गोगँचं १८८८ चं आत्मचित्र

पावसाळी_दुपार (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते. आई-बाबा सध्या आलेत, म्हणून मागच्या रविवारी त्यांना अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये घेऊन गेले. सूर्यफुलांपुढे ही गर्दी! आईचे पाय भरून आले, म्हणून आम्ही दोघी जरा बाजूला टेकलो. तिथे समोर व्हॅन गॉगचं नसलेलं एक चित्र होतं. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं आत्मचित्र. साधारण ४५ बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे अगदी लहान.

डावीकडे गोगँचा चेहरा. गाल तांबडे-जांभळे, सावल्या निळसर, नाक बाकदार, नजर तिरकी. मागे पिवळाधमक भिंतकागद आणि त्यावर नाजूक फुलांचे झुबके, लहान मुलीच्या खोलीत असावेत तसे. उजवीकडे वर हिरवट रंगातला, एका बाजूने दिसणारा एक तरुण. तो एमिल बर्नार, गोगँचा तेव्हाचा चित्रकार मित्र. आणि त्याच्या खाली फ्रेंचमध्ये तीन ओळी: ‘ले मिझेराब्ल’ (म्हणजे दीनदुःखी माणसं), ‘मित्र व्हिन्सेंटला’, ‘पी. गोगँ ८८’.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “हा आजारी आहे का गं? पोटभर जेवलेला दिसत नाही.”

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. व्हिन्सेंट, म्हणजे व्हॅन गॉग, दक्षिण फ्रान्समध्ये आर्लला एकटा होता. गोगँ आणि बर्नार ब्रिटनीतल्या पाँताव्हेन गावात. जपानी चित्रकार एकमेकांना चित्रं भेट देतात, हे व्हिन्सेंटच्या मनात बसलं होतं. त्याने दोघांना लिहिलं, तुम्ही एकमेकांची व्यक्तिचित्रं काढून मला पाठवा. दोघांनी काढली स्वतःचीच, पण मागच्या भिंतीवर मात्र दुसऱ्याचं चित्र टांगलं. ऑक्टोबर १८८८ च्या सुरुवातीला दोन्ही आर्लला पोचली. व्हिन्सेंटने स्वतःचं आत्मचित्र गोगँला पाठवलं.

तर प्रश्न असा. ज्या मित्राच्या घरी लवकरच राहायला जायचंय, त्याला माणूस आपला इतका त्रासलेला, इतका दुखावलेला चेहरा का पाठवेल? मला वाटतं, असा चेहरा पाठवता येणं हीच मैत्री. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा (शनिवार, रात्री ११.०५)

धागा आवडला. आईंचं वाक्य सगळ्यात आवडलं. वाचतेय.

तिरपा_चष्मा (शनिवार, रात्री ११.३२)

लेखन सुंदर, पण निष्कर्षाशी असहमत. मैत्रीचं गुलाबी चित्र रंगवण्याआधी पैशांचा हिशोब बघायला हवा.

गोगँ तेव्हा कर्जात बुडालेला होता. शेअर बाजारातली नोकरी १८८२ च्या मंदीनंतर सुटलेली, बायको मेट पाच मुलांसह कोपनहेगनला, पाँताव्हेनच्या खाणावळीचं बिल थकलेलं. व्हिन्सेंटचा भाऊ थिओ पॅरिसमध्ये चित्रविक्रेता होता. त्याने देऊ केलं की आर्लला जाऊन व्हिन्सेंटबरोबर राहा, महिन्याला १५० फ्रँक देतो, बदल्यात महिन्याला एक चित्र द्या. गोगँने शुफेनेकर या मित्राला स्पष्टच लिहिलं होतं की थिओ काही माझ्या सुंदर डोळ्यांसाठी मला पोसणार नाही. मग हे चित्र मित्राला पाठवलेलं, की मित्राच्या भावाला? दुखावलेला चेहरा दाखवला की पाकीट लवकर उघडतं.

गेरू (रविवार, सकाळी ८.१०)

@तिरपा_चष्मा, पैशांचं बरोबर आहे, पण चेहऱ्याचा अर्थ तुम्ही उलटा लावताय. मी जेजेतून पेंटिंग केलंय, त्यामुळे हे चित्र अनेकदा समोर आलं. गोगँने चित्राबरोबर व्हिन्सेंटला पत्र लिहून सगळं समजावलं होतं. हा चेहरा दयेची याचना करत नाही. हा झाँ व्हालझाँ आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ याच नावाच्या १८६२ च्या कादंबरीतला, पाव चोरला म्हणून वर्षानुवर्षं तुरुंगात खितपत पडलेला, कपडे फाटके पण अंगात बळ आणि आत माया असलेला माणूस. गोगँ म्हणतो, समाजाने वाळीत टाकलेला हा माणूस म्हणजे आजचा इंप्रेशनिस्ट चित्रकार. आणि मागची ती मुलीच्या खोलीतली फुलं म्हणजे आमच्या कलेचं कुंवारपण.

म्हणजे काळवंडलेला चेहरा आणि कोवळी भिंत हा विरोध मुद्दाम मांडलेला आहे. डोळे-नाकाची रेषा पर्शियन गालिच्यातल्या फुलांसारखी आहे, असंही तो लिहितो. खरंच तसं आहे. जवळून बघा, भुवईची रेषा वळते आणि थेट नाकात उतरते. छायाप्रकाशाने गोलाई आणलेली नाही, सपाट रंगाभोवती गडद रेषा घातली आहे. हीच गोष्ट बर्नार आणि गोगँ त्या उन्हाळ्यात पाँताव्हेनला शोधत होते. रंगीत काचांच्या खिडकीत शिशाची पट्टी असते ना, तशी रेषा.

तेव्हा बर्नार वीस वर्षांचा होता, व्हिन्सेंट पस्तिशीचा आणि गोगँ चाळिशीचा.

नदीकाठ (रविवार, सकाळी ९.०२)

+१ गेरू. आणखी एक. ‘ले मिझेराब्ल’ हे अनेकवचन आहे! चित्रात नाव एकाचं असतं तर गोष्ट वेगळी होती. हा चेहरा आपल्या सगळ्यांचा आहे, असं गोगँने पत्रातही म्हटलंय. म्हणजे खाली ‘मित्र व्हिन्सेंटला’ लिहिताना तो व्हिन्सेंटलाही त्या रांगेत उभा करतोय. तू आणि मी एकाच जातीचे, असं.

चाकावरचा (रविवार, दुपारी १.४५)

मी चित्रकार नाही, कुंभार घरातला आहे. आजोबा, वडील दोघं मडकी घडवायचे, मी आता बँकेत आहे. पण हा फोटो मोठा करून बघितला आणि अंगावर काटा आला.

आमच्याकडे आवा रचायचा तो गोवऱ्या आणि तुराट्या घालून. वरून राख-मातीचा थर. रात्रभर धुमसायचा. सकाळी उघडला की बहुतेक मडकी छान तांबडी निघायची. पण ज्या बाजूला जाळ जोरात लागलेला असायचा तिथलं एखादं मडकं एका अंगाने तांबडं आणि दुसऱ्या अंगाने काळं-जांभळं, मध्ये जिभल्यांसारखे पट्टे, आणि जरा पिळवटलेलं. वडील ते वाजवून बघायचे. आवाज खणखणीत असायचा, साध्या मडक्यापेक्षाही. पण गिऱ्हाईक हात लावायचं नाही. आई अशी मडकी परसात ठेवायची, कोंबड्यांच्या पाण्याला.

गोगँच्या गालावर मला ते मडकं दिसलं. यात काही तथ्य आहे की माझ्याच मनाचे खेळ, जाणकारांनी सांगावं.

गेरू (रविवार, दुपारी २.२०)

@चाकावरचा दादा, तुम्हाला दिसलं ते शंभर टक्के खरं आहे. गोगँने स्वतः लिहिलंय की या चेहऱ्याचा रंग निसर्गापासून दूर आहे, मोठ्या जाळात पिळवटलेल्या मातीच्या भांड्याची आठवण मनात आणा. तांबडे-जांभळे रंग जाळाच्या झोतांनी पट्टे पडल्यासारखे, आणि ती भट्टी डोळ्यांत पेटलेली. दोन वर्षांपूर्वी, १८८६ पासून, तो पॅरिसमध्ये एर्नेस्त शाप्ले या कुंभाराबरोबर भांडी घडवत होता, म्हणून त्याला हे ठाऊक होतं. मी हे चित्र इतकी वर्षं पुस्तकात बघतोय, पण भाजलेलं मडकं कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. तुमच्या प्रतिसादामुळे आज ते चित्र पहिल्यांदा नीट दिसलं.

पुढची गोष्ट तर अजून जवळची. १८८९ च्या सुरुवातीला त्याने स्वतःच्या डोक्याच्या आकाराचा एक मातीचा जग घडवला. डोळे मिटलेले, कान नाहीत, आणि लाल झिलई वरून ओघळलेली. डिसेंबर १८८८ मध्ये आर्लला व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापून घेतला, त्यानंतरची ही गोष्ट. तो जग कोपनहेगनला आहे.

चाकावरचा (रविवार, दुपारी ३.०५)

वडिलांना फोन करून वाचून दाखवलं. “त्याला म्हणावं, खणखणीत वाजत असेल तर टाकू नको,” म्हणाले.

फळा_खडू (रविवार, सायं. ६.३०)

मी निवृत्त कलाशिक्षक. पावसाळी ताई, तुमच्या धाग्यातल्या एका वाक्यावर थांबलो: “दोघांनी काढली स्वतःचीच.” हे असं का झालं, त्यावर माझा अनुभव सांगतो.

तालुक्याच्या शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचा शनिवारी जादा तास घ्यायचो. एकदा सांगितलं, बाकावर शेजारी बसलेल्याचं चित्र काढा. दोन पोरं होती, जीवश्चकंठश्च. डबा एक, सायकल एक. सगळ्या वर्गाची चित्रं झाली, या दोघांचे कागद कोरे. विचारलं तर एक म्हणाला, “सर, त्यानं माझ्याकडं बघितलं की हातच चालंना.” मग मी समोरच्या सलूनमधून दोन आरसे मागून आणले आणि सांगितलं, स्वतःला काढा. काढलं. दोघांचीही चित्रं उत्तम. आणि एकाने, मी न सांगता, कोपऱ्यात मित्राची टोपी काढलेली. शिक्षक असून मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी ती टोपी खोडायला सांगितली. आजही त्याचं वाईट वाटतं.

बर्नारनेही व्हिन्सेंटला हेच कळवलं होतं, की गोगँचं चित्र काढायचं धाडस होत नाही, त्याच्यासमोर भीड वाटते. अनोळखी माणसाचं नाक आपण बिनधास्त मोजतो, मित्राचं मोजायला मन धजत नाही. म्हणून मित्र भिंतीवर गेला. भिंतीवरचं चित्र काढायला भीड लागत नाही.

उंबरठा (रविवार, सायं. ७.१५)

सर, टोपीने रडवलंत. त्या मुलाचा पत्ता शोधा आणि त्याला हा धागा पाठवा.

तिरपा_चष्मा (रविवार, रात्री ९.४८)

सर, प्रतिसाद मनाला भिडला. चाकावरचा यांचाही. गोगँने पैसे डोळ्यांपुढे ठेवून चित्र काढलं, हे माझं म्हणणं मी थोडं मागे घेतो. पण पूर्ण नाही. मैत्रीच म्हणायची तर पुढचं वागणंही बघायला हवं. १८९० मध्ये व्हिन्सेंट गेल्यावर बर्नार त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायची धडपड करत होता. गोगँने त्याला लिहिलं, हे शहाणपणाचं नाही, लोक आम्हालाही वेड्यांत काढतील. आणि पुढच्याच वर्षी बर्नारशीही फाटलं, नव्या शैलीचं श्रेय कुणाचं यावरून. भिंतीवर टांगलेला मित्रही गेला आणि ज्याला चित्र पाठवलं तोही.

शेवगा (रविवार, रात्री १०.१२)

आणि पुढे पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर अल्पवयीन मुलींशी गोगँचं वागणं? ते बाजूला ठेवून ‘आत माया असलेला माणूस’ कसं म्हणायचं?

पावसाळी_दुपार (रविवार, रात्री १०.५५)

@शेवगा, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि ते बाजूला ठेवू नयेच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना त्याने बायको म्हणून घरात ठेवलं, हे लपवण्यासारखं नाही आणि माफ करण्यासारखंही नाही. हा चेहरा चांगल्या माणसाचा आहे, असा माझा दावा नाही. त्या एका शरद ऋतूत तीन माणसं एकमेकांशी काय बोलत होती, एवढंच मला समजून घ्यायचंय.

@तिरपा_चष्मा, प्रदर्शनाची गोष्ट वाचून खूप वाईट वाटलं. बर्नार मात्र व्हिन्सेंटच्या अंत्ययात्रेला होता, ३० जुलै १८९० ला, ऑव्हेरला.

रानवाटा (सोमवार, सकाळी ७.४०)

अवांतर: चित्रकारांच्या दोस्तीवरून मुंबई आठवली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. सूझा गोव्याच्या साळगावचा, आरा तर लोकांच्या घरी कामाला राहून चित्रं काढायचा. व्हॅन गॉग, गोगँ, सेझान ही नावं त्यांच्यापर्यंत पोचली ती युरोपातून आलेल्या लांगहॅमर, फॉन लायडन अशा मंडळींकडच्या पुस्तकांतून आणि छापील चित्रांतून. एक छापील चित्र आणि भोवती पाच-सहा डोकी वाकलेली, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर येतं. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेला आणि हळूहळू सगळे पांगले. एका छताखाली फार काळ राहणं बहुधा चित्रकारांना जमत नाही, पण जेवढा काळ राहतात तेवढ्यात कला कुठल्या कुठे जाते.

पेटी_तबला (सोमवार, सकाळी ८.०५)

गवयांनाही जमत नाही. एका घरात दोन तंबोरे लागले की शेजारी घर बदलतात. :)

गेरू (सोमवार, सकाळी ९.३०)

@तिरपा_चष्मा, पुढचं वागणं बघायचं तर तेही पूर्ण बघू. १९०१ साली गोगँ ताहितीत होता. व्हिन्सेंटला जाऊन अकरा वर्षं झालेली. त्याने फ्रान्समधून सूर्यफुलांचं बी मागवून लावलं होतं, आणि ती फुलं एका खुर्चीवर ठेवून रंगवली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंटने सूर्यफुलं रंगवली ती गोगँच्या खोलीत लावण्यासाठी. आणि गोगँची रिकामी खुर्चीही व्हिन्सेंटने रंगवली होती. सूर्यफुलं आणि खुर्ची, दोन्ही एकाच चित्रात. हे कुणासाठी काढलं असेल, मला तरी शंका नाही.

नदीकाठ (सोमवार, दुपारी १२.१५)

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? व्हिन्सेंटला हे चित्र मिळाल्यावर काय वाटलं, ते कुणीच लिहिलं नाही. त्याने थिओला लिहिलं की गोगँच्या चित्रातून पहिल्यांदा जाणवतो तो कैदी. आनंदाचा लवलेश नाही, कातडीच्या सावल्या उदास निळ्या. बर्नारचं चित्र मात्र त्याला फार आवडलं, मोजके रंग, चार काळसर रेषा, अगदी माने या चित्रकाराच्या तोडीचं. आणि गोगँबद्दल लिहिलं, तो आजारी आणि छळलेला दिसतो, पण हे टिकणार नाही, सहा महिन्यांनी तो स्वतःचं चित्र काढेल ते याच्याशेजारी ठेवून बघायला मजा येईल.

आता पावसाळी ताई, हे तुमच्या आईसाठी. त्याच पत्रांत व्हिन्सेंट लिहितो की त्याने खायला हवं, माझ्याबरोबर रानात हिंडायला हवं, आपलं घर बघायला हवं.

म्हणजे व्हिन्सेंटने आणि तुमच्या आईने एकच निदान केलं.

उंबरठा (सोमवार, दुपारी १२.२०)

काकूंना साष्टांग नमस्कार!!

फळा_खडू (सोमवार, सायं. ५.००)

आणि ओळख पटवायला हेच चित्र उपयोगी पडलं, हेही सांगतो. २३ ऑक्टोबर १८८८ ला गोगँ पहाटेच्या अंधारात आर्लला उतरला. व्हिन्सेंटला इतक्या लवकर उठवायचं नको म्हणून रात्रभर उघड्या असणाऱ्या एका कॅफेत जाऊन बसला. मालकाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तुम्हीच ते दोस्त, ओळखलं मी!” व्हिन्सेंटने त्याला हे चित्र दाखवून ठेवलेलं होतं. भट्टीसारखे डोळे, पिळवटलेलं मडकं, पर्शियन गालिचा, सगळं खरं, पण कॅफेवाल्याला त्यात सरळ एक माणूस दिसला.

चार्ल्सकाठी (बुधवार, रात्री ११.२५)

मी बॉस्टनजवळ राहते. तीन चित्रांपैकी व्हिन्सेंटने गोगँला पाठवलेलं चित्र आमच्या इथे, केंब्रिजला हार्वर्डच्या कलासंग्रहालयात आहे, प्रवेश विनामूल्य. धागा वाचून आज ऑफिस सुटल्यावर मुद्दाम गेले.

पोपटी आणि निळ्याच्या मधली, थंड, एकसलग हिरवी पार्श्वभूमी. केस बारीक कापलेले, गालफडं वर आलेली, डोळे किंचित तिरके. त्याने स्वतःला बुद्धाची साधी भक्ती करणाऱ्या भिक्खूच्या रूपात काढलंय. डोक्याभोवती ब्रशचे फटकारे गोल फिरत गेलेत, जवळून बघितलं तर रंगाचे कंगोरे दिसतात. गोगँच्या चेहऱ्यात आग आहे, इथे सगळं निवलेलं.

वरच्या बाजूला त्याने ‘माझा मित्र पॉल गोगँ याला’ अशा अर्थाची ओळ लिहिली होती. मी ती शोधत पाच मिनिटं उभी होते. ती आता जवळजवळ पुसली गेली आहे. माहीत असेल तरच पुसट खूण दिसते. गोगँने हे चित्र पुढे विकलं. फिरत फिरत ते म्युनिकच्या संग्रहालयात गेलं, नाझींनी ‘भ्रष्ट कला’ ठरवून काढून टाकलं, आणि ३० जून १९३९ ला स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला लिलाव झाला. तिथे मॉरिस वर्थाइम या अमेरिकन माणसाने घेतलं, आणि १९५१ मध्ये ते हार्वर्डला आलं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या चित्रावर ‘मित्र व्हिन्सेंटला’ अजून ठळक आहे ना? तेवढं सांगा.

पावसाळी_दुपार (बुधवार, रात्री ११.५८)

आहे. ठळक आहे, बर्नारच्या खाली, लांबूनही वाचता येतं. व्हिन्सेंटने ते विकलं नाही. त्याच्याकडून थिओकडे गेलं आणि घरातच राहिलं, म्हणूनच आज ते त्याच्या म्युझियममध्ये आहे.

तिरपा_चष्मा (गुरुवार, सकाळी ७.१०)

एकाने जपलं, एकाने विकलं. मला एवढंच म्हणायचं होतं. पण सूर्यफुलांचं बी मागवणं मला माहीत नव्हतं, @गेरू. त्याने माझं उत्तर बिघडवलंय. आता मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतायत.

पावसाळी_दुपार (शनिवार, सकाळी १०.२०)

आई-बाबा परवा परत गेले. निघण्याआधी मी आईला नदीकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तिथे गेल्यावर जेवला का तो?”

शोधलं. आर्लच्या त्या पिवळ्या घरात स्वयंपाक गोगँच करायचा. व्हिन्सेंट बाजार करून आणायचा. व्हिन्सेंटने भावाला कौतुकाने कळवलंय की याला उत्तम रांधता येतं. एकदा व्हिन्सेंटने हौसेने सूप केलं, तर ते दोघांच्याही घशाखाली उतरलं नाही. घरखर्चाचे पैसे एका डबीत ठेवलेले असायचे, वर कागद आणि पेन्सिल. ज्याने जेवढे उचलले त्याने तेवढे इमानदारीने लिहायचे. जेमतेम नऊ आठवडे हे घर चाललं.

आईला हे सगळं सांगितलं. ती बॅगेत लोणच्याच्या बरण्या बसवत होती. “नऊ आठवडे तरी गरम जेवले,” म्हणाली, आणि चेन लावायला मला बॅगेवर बसवलं.